बरोबरीची टक्कर

सुट्टी लागली की कॅरमचा बोर्ड माळ्यावरून खाली निघतो, त्यावर बोरिक पावडर भुरभुरली जाते आणि मग दुपारभर ठकठक चालू राहते. आज त्याच बोर्डावर आपण एक प्रयोग करू. स्ट्रायकर बाजूला ठेवा. बोर्डाच्या मधोमध एक सोंगटी ठेवा आणि दुसऱ्या सोंगटीलाच स्ट्रायकर समजून टिचकी मारा. नेम असा धरा की धडक अगदी समोरासमोर बसेल. दोन-चार वेळा चुकेल, पण एकदा का जमले की काय दिसते? मारलेली सोंगटी धडकेच्या जागीच थबकते, फार तर किंचित पुढे सरकते. आणि स्वस्थ बसलेली सोंगटी जवळजवळ पहिलीच्याच वेगाने निघून जाते. एकीने आपली सगळी मिळकत दुसरीच्या हाती ठेवावी आणि स्वतः रिकाम्या हातांनी बसावे, तसा हा प्रकार आहे.

आता स्ट्रायकरने सोंगटी मारा. सोंगटी वेगाने पळते, पण स्ट्रायकर थांबत नाही. तोही तिच्यामागे चालू लागतो. मग उलट करा. स्ट्रायकर मध्ये ठेवा आणि सोंगटीने त्याला मारा. स्ट्रायकर जरासा हलतो आणि सोंगटी मागे परतते. शेवटी सोंगटी बोर्डाच्या चौकटीवर मारा. चौकट हलतही नाही आणि सोंगटी जवळजवळ आल्या वेगाने माघारी येते.

चार धडका, चार वेगळे निकाल. टिचकी तीच, बोट तेच. मग फरक कशाने पडला? तो पडला वस्तुमानाने. सोंगटी साधारण ५ ग्रॅमची असते, स्ट्रायकर १५ ग्रॅमपर्यंत असतो आणि चौकटीमागे तर सगळा बोर्ड उभा असतो. धडकेत संवेग आणि गतिज ऊर्जा या दोन्हींचा जमाखर्च जुळावा लागतो. दोन्ही हिशोब एकाच वेळी जुळवायचे म्हटले की ऊर्जेची वाटणी आपल्या इच्छेवर राहत नाही, वस्तुमानांवरूनच ती ठरते. समोरासमोरच्या धडकेत वस्तुमाने सारखी असतील, तर सगळी ऊर्जा दुसऱ्याकडे जाते. स्ट्रायकर सोंगटीच्या तिप्पट असेल तर तीन-चतुर्थांश जाते. फरक जितका जास्त, तितकी देवाणघेवाण कमी. मग मारणारा जड असो की हलका. (आपल्या सोंगट्या लाकडाच्या, त्यामुळे थोडी ऊर्जा आवाजात आणि उष्णतेत जाते, ती आपण सोडून देऊ.)

एवढे एक सूत्र हाती धरून विसाव्या शतकातील दोन मोठी कोडी सोडवता येतात. मी दरवर्षी वर्गात ती मुलांपुढे ठेवतो, आणि दरवर्षी कोणीतरी म्हणतो, "सर, हे तर आम्हालाही सुचले असते." मला तसे वाटत नाही, पण तुम्ही पाहा.

पहिले कोडे १९३२ सालचे. त्याआधी दोन वर्षे जर्मनीत बोटे आणि बेकर यांना असे आढळले होते की, पोलोनियम या किरणोत्सर्गी धातूतून निघणारे आल्फा कण बेरिलियमवर आदळले की त्यातून एक फार भेदक प्रारण बाहेर पडते. शिशाच्या जाड पत्र्यालाही ते दाद देत नाही. विद्युतभार म्हणाल तर नाही. तेव्हा हे गॅमा किरण, म्हणजे प्रकाशाचेच अतिशय जोरकस भावंड असावे, असे सर्वांनी धरून चालले.

पॅरिसमध्ये मादाम क्यूरींची कन्या इरेन आणि जावई फ्रेडरिक जोलिओ यांनी या प्रारणाच्या वाटेत पॅराफीन मेणाचा तुकडा ठेवला. मेणबत्तीचे असते तेच हे मेण. त्यात कार्बन आणि हायड्रोजन यांखेरीज काही नसते. आणि मेणातून चक्क प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनची अणुकेंद्रे, वेगाने उडून बाहेर पडू लागली! प्रयोग उत्तम होता, निरीक्षण बिनचूक होते. अर्थ मात्र जुनाच लावला गेला : गॅमा किरणांनी प्रोटॉनला धक्का दिला.

हे वृत्त केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जेम्स चॅडविक यांनी वाचले आणि आपले गुरू रदरफर्ड यांना सांगितले. रदरफर्ड यांचा त्यावर विश्वास बसेना. का बसेना, ते तुम्हाला कॅरमवरून कळेल. प्रकाशाच्या कणाला स्थिर वस्तुमान नसते. त्याने प्रोटॉनला ढकलणे म्हणजे तोंडाने फुंकर मारून स्ट्रायकर भोकात पाडण्यासारखे आहे. फुंकर केवढी प्रचंड लागेल! हिशोब केला तर अशा गॅमा किरणाजवळ सुमारे ५५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा हवी. मुळात आदळणाऱ्या आल्फा कणाजवळ होती ती जेमतेम ५.३ दशलक्ष. अणुकेंद्रांच्या जुळणीतून काही ऊर्जा मोकळी होते हे मान्य केले तरी एवढी भरपाई होत नाही. खर्च जमेच्या कितीतरी पट!

मग धडक देणारा कण कोणता? चॅडविक यांनी काही दिवस रात्रीचा दिवस करून प्रयोग केले. त्यांची युक्ती साधी होती. अदृश्य स्ट्रायकरचे वजन करायचे असेल तर काय कराल? तो दिसत नाही, तराजूत घालता येत नाही. पण तो वेगवेगळ्या वजनाच्या सोंगट्यांवर मारला आणि त्या किती वेगाने पळतात ते मोजले, तर? चॅडविक यांनी एक सोंगटी हायड्रोजनची घेतली, वस्तुमान १. दुसरी नायट्रोजनची, वस्तुमान १४. हायड्रोजनची अणुकेंद्रे जास्तीत जास्त सेकंदाला सुमारे ३३,००० किलोमीटर वेगाने उडत होती, तर नायट्रोजनची सुमारे ४,७०० किलोमीटर वेगाने. म्हणजे वेगांचे गुणोत्तर सातास एक.

आता कागद-पेन्सिल घ्या. न दिसणाऱ्या कणाचे वस्तुमान 'म' मानू. समोरासमोरच्या धडकेत मार खाणाऱ्याला मिळणारा वेग हा दोघांच्या वस्तुमानांच्या बेरजेच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणून

(म + १४) ÷ (म + १) = ७

म + १४ = ७म + ७, म्हणजेच ६म = ७, आणि म = १.१७ च्या जवळपास.

अधिक काटेकोर आकडेमोडीतून चॅडविक यांना १.१५ मिळाले. मोजमापातली चूक लक्षात घेतली तर हे वस्तुमान १ च्या अगदी निकट आहे. म्हणजे हा कण प्रोटॉनच्या बरोबरीचा, पण विद्युतभार नसलेला. हाच न्यूट्रॉन! १७ फेब्रुवारी १९३२ या तारखेचे त्यांचे छोटे पत्र 'नेचर' या साप्ताहिकात प्रसिद्ध झाले आणि १९३५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपण जाणतो की न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा हजारात जेमतेम दीड भाग जड असतो. मेणातून प्रोटॉन एवढ्या जोराने का उडत होते, ते आता स्पष्ट झाले ना? ती सोंगटीने सोंगटीला दिलेली धडक होती. इरेन आणि फ्रेडरिक यांच्या टेबलावर न्यूट्रॉन येऊन गेला, पण त्यांनी त्याला ओळखले नाही. या दोघांनाही १९३५ सालीच नोबेल मिळाले, रसायनशास्त्राचे, दुसऱ्या एका शोधासाठी. पण ही चुकामूक त्यांना सलली नसेल असे कसे म्हणावे?

दुसरे कोडे रोममधले, १९३४ सालचे. एन्रिको फर्मी आणि त्यांचे तरुण सहकारी एकेका मूलद्रव्यावर न्यूट्रॉनांचा मारा करीत होते. न्यूट्रॉनला विद्युतभार नसल्याने धन विद्युतभाराचे अणुकेंद्र त्याला दूर लोटत नाही. तो सरळ आत शिरू शकतो आणि आत शिरला की साधे मूलद्रव्य किरणोत्सर्गी होते. किती किरणोत्सर्गी झाले ते यंत्राने मोजायचे, असा उद्योग चालला होता. त्या शरद ऋतूत अमाल्दी आणि पाँतेकॉर्व्हो यांना एक विचित्र गोष्ट आढळली. चांदीचा तोच तुकडा, न्यूट्रॉनांचा तोच उगम. पण प्रयोग लाकडी टेबलावर केला की चांदी जास्त किरणोत्सर्गी होई आणि संगमरवरी टेबलावर केला की कमी! तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत असे घडले तर सर काय म्हणतील? "नीट मोजा, पुन्हा करा." तेथेही आधी शंका मोजणीवरच आली.

टेबलाचा काय संबंध असावा हे पाहण्यासाठी, उगम आणि चांदी यांच्यामध्ये शिशाची एक पट्टी ठेवून पाहायचे फर्मी यांनी ठरवले होते. २२ ऑक्टोबर १९३४ च्या सकाळी ऐनवेळी त्यांनी शिसे बाजूला ठेवले आणि मेणाचा तुकडा घेतला. का घेतला, ते त्यांनाही पुढे नीट सांगता आले नाही. आणि मोजणीयंत्र तडतडू लागले. मध्ये अडथळा ठेवल्यावर मारा कमी व्हायचा की वाढायचा? येथे तो वाढला, काही मांडण्यांत तर शंभर पटीपर्यंत!

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीनंतर फर्मी उत्तर घेऊनच परतले. ते तुम्ही आता स्वतः देऊ शकाल. मेणात हायड्रोजन ठासून भरलेला. हायड्रोजनचे अणुकेंद्र म्हणजे न्यूट्रॉनच्या बरोबरीची सोंगटी. भरधाव आलेला न्यूट्रॉन तिच्यावर आदळला की ऊर्जेचा मोठा वाटा देऊन बसतो, दुसरीवर आदळला की उरलेल्यातला आणखी वाटा देतो. अशा काही धडकांत तो अगदी संथ होतो. लाकडातही हायड्रोजन असतो, म्हणून लाकडी टेबलावरून परतणारे न्यूट्रॉन संथ होऊन येत. संगमरवरात कॅल्शियम, कार्बन आणि ऑक्सिजन, सगळे न्यूट्रॉनहून पुष्कळ जड. तेथे न्यूट्रॉन आदळतो आणि बहुतेक ऊर्जा घेऊन उडतो. शिशाचे अणुकेंद्र तर न्यूट्रॉनच्या सुमारे २०७ पट जड. समोरासमोरच्या धडकेतही न्यूट्रॉन केवळ २ टक्के ऊर्जा गमावतो. शिसे गॅमा किरणांना अडवते, पण न्यूट्रॉनपुढे ते म्हणजे कॅरमची चौकट. फर्मी यांनी त्या दिवशी शिसे घेतले असते तर काय झाले असते?

हायड्रोजनचाच हा प्रताप असेल तर पाण्यानेही तोच परिणाम दिसायला हवा. फर्मी यांच्या पत्नी लॉरा यांनी लिहून ठेवले आहे की, ही मंडळी न्यूट्रॉनचा उगम आणि चांदी घेऊन संस्थेमागच्या बागेतल्या सोनमाशांच्या हौदाकडे गेली. पाण्यातही चांदीचा किरणोत्सर्ग वाढला. माशांचे काय झाले याची नोंद नाही!

येथे तुमच्या मनात एक शंका यायला हवी. आली नसेल तर मागे जाऊन पुन्हा वाचा. धडक जितकी जोराची तितकी मोडतोड जास्त, असे आपण जन्मभर पाहत आलो. आगकाडी जोराने घासल्याशिवाय पेटत नाही. पेटायला लागणारी ऊर्जा रेणूंच्या धडकांतून मिळावी लागते; ती कमी पडली तर धडका होतात, पण विक्रिया होत नाही. मग न्यूट्रॉन संथ झाल्यावर विक्रिया वाढते हे उलटे कसे? याचे कारण असे की येथे ओलांडायला भिंतच नाही. न्यूट्रॉनला कोणी दूर लोटत नाही, दार उघडेच आहे. भरधाव जाणारी आगगाडी छोट्या स्टेशनवरून धडधडत निघून जाते, फलाटावरच्या माणसाला ती पकडता येत नाही. रेंगाळत येणारी गाडी सहज पकडता येते. संथ न्यूट्रॉन अणुकेंद्राच्या आसपास जास्त वेळ असतो आणि आत ओढला जाण्याची शक्यता वाढते. (पुंजयांत्रिकी शिकाल तेव्हा न्यूट्रॉन तरंगासारखा वागतो आणि संथ झाल्यावर तो तरंग पसरट होतो, हे खरे कारण तुम्हाला भेटेल. आगगाडीची उपमा तोपर्यंत चालवून घ्या.)

या शोधाचे महत्त्व चार वर्षांनी, १९३८ च्या अखेरीस, युरेनियमच्या विखंडनाचा शोध लागल्यावर जगाला कळले. युरेनियम-२३५ चे अणुकेंद्र न्यूट्रॉन गिळल्यावर फुटते, सुमारे २०० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मोकळी होते आणि दोन-तीन नवे न्यूट्रॉन बाहेर पडतात. त्या न्यूट्रॉनांनी पुढची अणुकेंद्रे फोडली तर शृंखला विक्रिया सुरू होते. अडचण एवढीच की हे नवे न्यूट्रॉन फार वेगवान असतात, सेकंदाला सुमारे २०,००० किलोमीटर. संथ न्यूट्रॉन म्हणजे सेकंदाला सुमारे २.२ किलोमीटर वेगाचा. युरेनियम-२३५ फोडण्याची त्याची शक्यता वेगवान न्यूट्रॉनच्या सुमारे ५०० पट असते. त्यातून खाणीतल्या युरेनियममध्ये २३५ जेमतेम ०.७ टक्के, बाकी जवळजवळ सगळे युरेनियम-२३८, आणि ते वाटेत न्यूट्रॉन गिळायला टपलेले. तेव्हा न्यूट्रॉनला झटपट संथ केले पाहिजे. अणुभट्टीत हे काम करणाऱ्या पदार्थाला मंदायक म्हणतात.

किती धडका लागतील? ऊर्जा सुमारे ८ कोटी पटीने खाली आणायची आहे. हायड्रोजनवर सरासरी १८ धडकांत काम होते. कार्बनवर ११५ लागतात. खुद्द युरेनियमवरच आदळत राहिला तर दोन हजारांहून अधिक! तुमच्यातला एखादा चौकस मुलगा म्हणेल, हायड्रोजनच्या धडकेत सरासरी निम्मी ऊर्जा जाते असे पुस्तकात आहे, मग निम्मे-निम्मे करीत २६ धडका व्हायला हव्यात. शाबास! पण प्रत्येक धडक सारखी नसते. कॅरममध्ये एखादा फटका नुसता 'कट' जातो, एखादा समोरासमोर बसतो. अधूनमधून बसणारा तसा फटका जवळजवळ सगळी ऊर्जा एकदम काढून घेतो आणि १८ मध्येच हिशोब आटोपतो.

तर मग पाणी हा सर्वोत्तम मंदायक झाला म्हणायचा. स्वस्त, मुबलक, हायड्रोजनने भरलेला. पण कॅरमच्या बोर्डाला भोकेही असतात ना! हायड्रोजनचे अणुकेंद्र न्यूट्रॉनला संथ करता करता मधूनच एखाद्याला गिळून टाकते. खाणीतले युरेनियम आणि साधे पाणी घेतले तर इतके न्यूट्रॉन गिळले जातात की अणुभट्टी चालतच नाही. यावर दोन उपाय आहेत. एक, युरेनियममध्ये २३५ चे प्रमाण वाढवायचे. दुसरा, हायड्रोजनच्या जागी त्याचा दुप्पट वजनाचा भाऊ ड्यूटेरियम घ्यायचा, म्हणजे जड पाणी वापरायचे. त्यावर १८ ऐवजी २५ धडका लागतात, पण न्यूट्रॉन गिळण्याचे त्याचे प्रमाण शेकडो पटींनी कमी आहे. मात्र निसर्गात हायड्रोजनच्या सुमारे साडेसहा हजार अणूंमागे ड्यूटेरियमचा एक अणू, म्हणून जड पाणी वेगळे काढणे हे मोठे खर्चाचे काम. अलिबागजवळ थळ येथे त्याचा कारखाना आहे.

हे दोन्ही उपाय तुम्हाला पालघर जिल्ह्यात तारापूरला एकाच आवारात सापडतात. तेथील पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या. त्या समृद्ध केलेले युरेनियम आणि साधे पाणी या जोडीवर बांधल्या होत्या. २००५ आणि २००६ साली आलेल्या पुढच्या दोन खाणीतले युरेनियम आणि जड पाणी या जोडीवर. वीज दोन्हींतून सारखीच निघते. धडकांचा हिशोब मात्र वेगळा.

आणि तुमच्या कॅरमवरची ती पांढरी पावडर? बोरिक पावडरीत बोरॉन असतो, आणि बोरॉन हा संथ न्यूट्रॉन गिळणारा अट्टल खादाड आहे. शृंखला विक्रिया आवरण्यासाठी बोरॉन कार्बाइडचे नियंत्रक दांडे वापरले जातात. अणुभट्टीतल्या कॅरममध्ये ही पावडर टाकली की सोंगट्या घसरत नाहीत, नाहीशाच होतात.

साध्या पाण्यावर चालणाऱ्या अणुभट्टीत एक सोयही आपोआप मिळते. पाणी फार उकळून वाफ झाले तर धडकायला हायड्रोजन कमी उरतो, न्यूट्रॉन संथ होत नाहीत आणि शृंखला मंदावते. (तोवर तयार झालेल्या किरणोत्सर्गी पदार्थांची उष्णता मात्र चालूच राहते, म्हणून पाणी तरीही लागतेच.) ही सोय माणसाने प्रथम वापरली असे कोणाला वाटेल. पण १९७२ साली आफ्रिकेतील गॅबॉन देशातल्या ओक्लो येथील खाणीतून आलेले युरेनियम फ्रान्समध्ये तपासताना २३५ चे प्रमाण ०.७२० टक्क्यांऐवजी ०.७१७ टक्के भरले. एवढ्याशा तुटीचा माग काढता काढता कळले की, सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी त्या खाणीत नैसर्गिक अणुभट्टी चालली होती. तेव्हा युरेनियमात २३५ चे प्रमाण ३ टक्क्यांहून अधिक होते, आणि मंदायक म्हणून खडकात झिरपलेले साधे पाणी होते. २००४ साली तेथील खनिजात अडकलेल्या झेनॉन वायूच्या तपासणीवरून तिचे वेळापत्रकही मिळाले. सुमारे अर्धा तास ती चाले. मग तापून पाण्याची वाफ होई, न्यूट्रॉनांना बरोबरीची टक्कर मिळेनाशी होई आणि भट्टी बंद पडे. अडीच तासांत खडक निवे, पाणी पुन्हा झिरपे आणि भट्टी पुन्हा सुरू होई. असे लाखभर वर्षांहून अधिक काळ चालले होते.